यादी बाजूला ठेव, आधी एक बाजू ऐक

नागपूरच्या मनीषनगरातल्या एका २८ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. महालातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात बाबांच्या २२ एलपी रेकॉर्डी आणि चाळीसेक कॅसेट. बीटल्सचा ॲबी रोड, फ्लीटवुड मॅकचा रूमर्स, मायकल जॅक्सनचा थ्रिलर, ॲबाचा अराइव्हल, बोनी एम, सायमन-गारफंकेलचा ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर. बाकी हिंदी सिनेमाच्या. आता त्याला जुन्या रॉक-पॉप अल्बमांचा नीट संग्रह करायचा आहे. महिन्याला ३००० रुपये काढू शकतो. ‘जगातले सर्वोत्तम १०० अल्बम’ अशी एखादी यादी धरून वरून खाली विकत घेत जाऊ का? रेकॉर्डी घेऊ का सीडी? आणि शेवटी जरा ओशाळून विचारलंय: मोबाइलवर सगळं आहेच, पण मी तर दर दोन मिनिटांनी गाणं बदलून राहतो, मग हा खटाटोप कशाला?

काका म्हणून हाक मारलीस, तेव्हा अरे-तुरे करतो. शेवटी लाजत विचारलंस तोच तुझा खरा प्रश्न आहे. बाकीचे त्याच्या पोटातले.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. १९८४ ते ९७ सदरला माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक चिठ्ठी आणून द्यायचं, मी रेकॉर्डवरून कॅसेट भरायचो. कायद्यात बसत नव्हतं, पण तेव्हा गल्लोगल्ली हेच चालायचं. पुढे टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि कॅसेट डेकची दुरुस्ती केली, आता लोकांच्या जुन्या रेकॉर्डी-कॅसेट संगणकावर उतरवून देतो. घरी १४०० च्या आसपास एलपी आहेत. त्यातल्या मनापासून पुन्हा पुन्हा लावतो अशा दोनशे. उरलेल्या बाराशे कशा आल्या ते पुढे येईलच, कारण तू नेमक्या त्याच वाटेनं निघाला आहेस.

दुकानात सगळ्यात जास्त खपायची सी-९० कॅसेट. एका बाजूला ४५ मिनिटं. एलपी साधारण चाळीस मिनिटांची, म्हणजे एका बाजूवर एक अख्खा अल्बम बसायचा आणि उरलेल्या चार-पाच मिनिटांत गिऱ्हाइकाच्या आवडीचं एखादं हिंदी गाणं. १९८५ मध्ये डायर स्ट्रेट्सचा ब्रदर्स इन आर्म्स आला आणि हा हिशेब बिघडला. त्याची एलपीच ४७ मिनिटांची. सीडीवर तोच अल्बम ५५ मिनिटांचा आहे. सीडीत जागा होती म्हणून गाणी पूर्ण ठेवली, एलपीसाठी काहींना कात्री लावली. टेप मिनिटभर जास्तीची असली तरी शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं माझ्या कॅसेटवर मध्येच तुटायचं. मेडिकलचा एक पोट्टा ती कॅसेट घेऊन गेला. पंधराएक वर्षांनी डॉक्टर होऊन दुकानाच्या जागी मला शोधत आला. म्हणाला, “काका, ते गाणं परवा पूर्ण ऐकलं. मला वाटायचं ते तसंच संपते.” रुग्णाच्या छातीवरचा स्टेथोस्कोप मध्येच काढून घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. त्याला तो तुटलेला शेवटच आवडायचा!

हसू येतं, पण त्याचं ऐकणं तुझ्या-माझ्या आजच्या ऐकण्यापेक्षा बरं होतं. अल्बम कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, हे त्याच्या कानात पक्कं बसलेलं होतं. चुकीचं बसलं होतं, तो दोष माझ्या कॅसेटचा.

तुझ्या ट्रंकेतली ॲबी रोड घे. १९६९ ची. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं तेच ते सूर घोळवत जवळजवळ आठ मिनिटं चढत जातं, मागे वाऱ्यासारखा आवाज वाढत राहतो, आणि एकदम, सुरी फिरवावी तसं, बंद. विझत जाणं नाही, काही नाही. रेकॉर्ड असेल तर मग खोलीत शांतता पसरते. तू उठतोस, पिन उचलतोस, रेकॉर्ड उलटतोस, पुसतोस, पुन्हा पिन ठेवतोस. अर्धं मिनिट तरी जातं. आणि मग जॉर्ज हॅरिसनची गिटार येते, कोवळ्या उन्हाचं स्वागत करणारं ते गाणं. (मे महिन्यात नागपुरात ते ऐकताना माणूस वेड्यासारखा हसतो, ते सोड.) मोबाइलवर या दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. अंधारातून उजेडात यायचं ते अर्धं मिनिट अल्बमचाच भाग होतं, ते कापलं गेलं. तू गाणं बदलतोस कारण तुझ्या कानाला थांबायची जागाच कुणी दिलेली नाही.

रूमर्सचंही असंच. १९७७ च्या एलपीवर पहिली बाजू पियानोवरच्या हळव्या गाण्यानं संपते आणि दुसरी बाजू बँडच्या पाचही जणांच्या कडाडत्या गाण्यानं उघडते. त्या वेळी लांबीमुळे एक गाणं अल्बमातून वगळावं लागलं होतं. २००४ च्या नव्या आवृत्तीत ते या दोघांच्या बरोबर मध्ये आणून बसवलं. गाणं सुरेख आहे, वादच नाही. पण लग्नाच्या पंगतीत पक्वान्न आणि ताक यांच्या मध्ये कुणी आणखी एक पक्वान्न वाढावं तसं झालं.

यात भूमितीही आहे, ती थोडक्यात सांगतो, कारण कळली की बाजूंची मांडणी लगेच कळते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला त्या एका फेऱ्यात पिनेखालून सुमारे ९० सेंटिमीटर खाच जाते; आत, लेबलाजवळ, चाळीसच्याही खाली. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं. म्हणून लेबलाजवळ आवाज जरा फाटतो, आणि म्हणून त्या काळी बरेचदा दणदणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि संथ गाणी शेवटाकडे ठेवत. बाजू २०-२२ मिनिटांच्या फार पुढे गेली तर खाचा दाट कराव्या लागतात, आवाज बारीक होतो. तेव्हा काय ठेवायचं, काय गाळायचं, कशामागून काय आणायचं, हे सगळं या वीस मिनिटांच्या चौकटीत ठरायचं. साठ-सत्तरच्या दशकातले चांगले अल्बम म्हणजे त्या चौकटीतली दोन अंकी नाटकं. मध्ये पडदा पडतो.

म्हणून तुला पहिलं काम देतो, त्याला रुपयाही लागत नाही. ट्रंकेत जेवढे इंग्रजी अल्बम आहेत तेवढेच घे. रोज संध्याकाळी एक बाजू. दोन्ही नाही, एकच. टर्नटेबल नसेल तर मोबाइलवर, पण रेकॉर्डच्या कव्हरमागे बाजूप्रमाणे छापलेली गाणी बघून तेवढ्यांचीच वेगळी यादी कर, ती संपली की बंद. मोबाइल पालथा ठेव. कव्हर हातात असू दे. ते १२ इंची कव्हर वाचायलाच केलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. असं प्रत्येक अल्बमाचं तीनदा. मग चार दिवस काहीच लावू नकोस. या चार दिवसांत गाडीवर जाताना, आंघोळ करताना जो अल्बम आपसूक डोक्यात वाजतो, तो तुझा.

कंटाळा येईल का? पहिल्या वेळी येईल. मला १९८० च्या सुमारास पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून पहिल्यांदा ऐकताना झोप लागली होती. तेव्हा वाटलं, हृदयाचे ठोके काय, घड्याळांचे गजर काय, हे काय गाणं आहे का. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की सुरुवातीचे ठोकेच शेवटी परत येतात आणि अल्बम जिथून निघाला तिथेच येऊन थांबतो. एकेक गाणं तोडून ऐकलं असतं तर ते कळायला मार्ग नव्हता.

आणि एक. बाबांना बोलव. तू लिहिलं आहेस की ते या ट्रंकेबद्दल फारसं बोलत नाहीत. विचारू नकोस, नुसती बाजू लाव. कोणत्या कव्हरवर पेनानं नाव-तारीख आहे, कोणती रेकॉर्ड कुणाकडून परत आलीच नाही, हे ते आपणहून सांगतील. तुझ्या संग्रहातली ही एवढीच माहिती अशी आहे जी उद्या कुठे विकत मिळणार नाही.

आता यादीचं. यादी वाईट नसते, ती दुसऱ्याची असते एवढंच. रोलिंग स्टोन मासिकानं २००३ साली ५०० अल्बमांची यादी काढली, त्यात पहिला क्रमांक बीटल्सच्या सार्जंट पेपर्सचा होता. २०२० मध्ये त्यांनी नव्यानं मतं घेतली तेव्हा पहिला आला मार्व्हिन गेचा १९७१ चा व्हॉट्स गोइंग ऑन, आणि सार्जंट पेपर्स गेला चोविसाव्यावर. अल्बम तोच, एक सेकंदही बदललेला नाही. बदलले ते मत देणारे. अशी यादी धरून तू दरमहा वरून खाली विकत घेत गेलास तर वर्षाअखेरीस तुझ्याकडे दुसऱ्यांच्या मतांचा बारा तबकड्यांचा गठ्ठा असेल.

माझ्या बाराशे अशाच आल्या. यादीनं नव्हे, लॉटनं. कामठीच्या छावणीतले साहेब लोक बदली झाली की सामान काढायचे, अजनी-मोतीबागेच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं परदेशी जाताना पेट्याच्या पेट्या विकायची. मी न बघता लॉट उचलायचो. स्वस्त पडतं म्हणून. दोनशे रेकॉर्डींत आवडीच्या सात निघायच्या आणि उरलेल्या माझ्या बायकोच्या नशिबी यायच्या. दिवाणाखाली केर काढायला जागा राहिली नाही. अजून ऐकवते.

मग पुढचा अल्बम शोधायचा कसा? मैफलीला जाताना आपण गवयाइतकंच साथीला कोण आहे ते बघतो ना, तेच इथे कर. कव्हरमागची बारीक अक्षरं वाच. ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर १९७० चा. त्यावर ड्रम्स वाजवणारा हॅल ब्लेन आणि शीर्षकगीताचा तो पियानो वाजवणारा लॅरी नेक्टेल, हे दोघे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतले भाडोत्री वादक. दोघेही चार वर्षं आधीच्या, बीच बॉइजच्या पेट साउंड्सवर आहेत. ॲबी रोडच्या ध्वनिमुद्रणात ॲलन पार्सन्स नावाचा विशीतला सहायक होता. तोच १९७३ ला डार्क साइडचा मुख्य ध्वनिमुद्रक झाला आणि पुढे स्वतःच्या नावानं अल्बम काढू लागला. थ्रिलर आवडला तर निर्माता क्विन्सी जोन्सचा माग काढ: त्याच गायकाचा १९७९ चा ऑफ द वॉल, मग १९८० चा जॉर्ज बेन्सनचा गिव्ह मी द नाइट. तिन्हींवर रॉड टेम्परटनची गाणी आहेत. तिन्ही सलग ऐकलेस तर ऑफ द वॉलपासून थ्रिलरपर्यंत त्या मंडळींचा हात कसा बसत गेला ते कानाला कळतं.

या वाटेनं जाताना यादीत खाली पडलेले, त्या काळी आपटलेलेही भेटतात. झोंबीज नावाच्या इंग्लिश बँडचा १९६८ चा ऑडिसी अँड ओरॅकल निघाला तोवर बँड मोडलेला होता. कव्हर रंगवणाऱ्यानं ‘ऑडिसी’चं स्पेलिंगही चुकवलं, आणि ते तसंच छापलं गेलं, अजून तसंच आहे. पस्तीस मिनिटांचा अल्बम. सार्जंट पेपर्सपेक्षा तो मी जास्त वेळा लावतो, आणि हे माझं मत आहे, तुझं वेगळं असू शकतं.

इथवरचं थोडक्यात: आधी घरातलं ऐक, बाजू धरून ऐक, जो चौथ्या दिवशीही वाजत राहतो तो ठेव, आणि त्याच्या साथीदारांवरून पुढचा शोध. हे तीन महिने चालेल. तोवर खरेदी बंद.

आता रेकॉर्ड का सीडी. यात ‘हेच’ असं मी सांगणार नाही, कारण ते तुझ्या खोलीवर, शेजाऱ्यांवर, खिशावर आणि तुला उठून रेकॉर्ड उलटायचा कंटाळा आहे की नाही यावर आहे. पण लोक स्वरूपावर भांडतात आणि खरी गोष्ट सुटते. खरी गोष्ट म्हणजे त्या तबकडीवर कोणतं मास्टरिंग आहे, म्हणजे छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात कसा फिरवला आहे. मोबाइलवर अल्बमाच्या नावापुढे कंसात ‘रीमास्टर’, ‘रीमिक्स’, ‘डिलक्स’ असं काय काय असतं, त्याकडे तू आजवर पाहिलं नसशील. रीमास्टर म्हणजे तयार रस्सा पुन्हा गरम करून मीठ-तिखट सारखं करणं. रीमिक्स म्हणजे वाटण वेगळं, भाजी वेगळी, तेल वेगळं करून पुन्हा नव्यानं फोडणी देणं. सार्जंट पेपर्सचा २०१७ चा आणि ॲबी रोडचा २०१९ चा रीमिक्स जाइल्स मार्टिननं केला, म्हणजे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलानं. सार्जंट पेपर्सचं तर असं की बीटल्स स्वतः बसले ते मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) मिक्सच्या वेळी. स्टिरिओ नंतर त्यांच्या पाठीमागे झटपट उरकला गेला. तेव्हा ‘मूळ’ कोणतं म्हणायचं हाही प्रश्नच.

नव्वदीनंतरच्या बऱ्याच रीमास्टर सीडींत एक खोड आहे: सगळंच मोठ्या आवाजात. हळू भाग वर ओढायचा, मोठा भाग वरून दाबायचा. दुकानात दोन मिनिटं ऐकलं तर भारी वाटतं, घरी अर्ध्या तासात डोकं दुखतं. सगळ्यांनीच ओरडून बोललेली सभा. म्हणून दोन आवृत्त्या ताडताना आधी आवाजाचं बटण फिरवून दोन्ही कानाला सारख्या करून घे. नाहीतर जी मोठी तीच चांगली वाटणार, कान असाच फसतो. ऐंशीच्या दशकातल्या सीडींत ही दडपादडप नाही. त्यातल्या काही मात्र एलपीसाठी केलेल्या टेपच्या प्रतीवरून घाईत काढलेल्या, आवाजाला हाडंच हाडं. म्हणजे ऐकूनच घ्यायचं. जुन्या सीडी आज कुणाला नको आहेत, रद्दीच्या भावात मिळतात, आणि संगणकावर फ्लॅक नावाच्या फाइलींत उतरवून घेतल्या की सीडीवरचं काहीही गमावत नाही. तुझ्या ३००० मध्ये संग्रह उभा राहायचा तर त्याचा कणा सीडीच असणार, असं माझं स्पष्ट मत. रेकॉर्डी फक्त त्या, ज्या चौथ्या दिवसाच्या परीक्षेत पास झाल्या. नवी आयात केलेली एलपी एकच घेतली तरी तुझा महिना संपतो.

जुनी रेकॉर्ड घेताना उन्हात किंवा बल्बखाली तिरकी धर. वरून सरळ बघितलं तर सगळ्याच चकचकीत दिसतात. मग मधल्या भोकाभोवती लेबलावर बघ: टर्नटेबलचा मधला खिळा शोधताना पडलेल्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ती भरपूर वाजलेली आहे, दुकानदार काहीही म्हणो. लावून बघायला मिळाली तर कान असा लाव. दर १.८ सेकंदांनी बरोबर ठोका पडतो तो ओरखडा, तो जायचा नाही. पाऊस पडल्यासारखी कशीही येणारी चरचर ही बहुतेक धूळ, ती धुऊन जाते. आणि गाणाऱ्याचा ‘स’ फाटून ‘फ्श’ होत असेल, तेही बाजूच्या शेवटाकडे, तर जड हेडच्या प्लेअरनं खाच खाल्ली आहे. ती फुकट मिळाली तरी घेऊ नकोस, कव्हरासाठी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

भारतीय छपाईच्या एलपींना नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. कोलकात्याजवळच्या डमडमच्या एचएमव्हीच्या, पॉलिडॉरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या सीबीएसच्या प्रती मी हजारोंनी हाताळल्या. कव्हर बरेचदा साधं, उघडणारं कव्हर असेल तर त्याचं एकेरी केलेलं. आवाज मात्र अनेकदा दमदार असतो. सरसकट नावं ठेवू नये. तुझ्या बाबांच्या थ्रिलरवर मी आज बाहेरची महागडी आवृत्ती घेणार नाही.

धुण्यासाठी नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात दहावा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ कापडानं गोल, खाचेच्या दिशेनं. आडवं कधीच नाही. लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं एकदा. ट्रंकेत तळाशी एखादी जाड, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी निघाली तर तिला अल्कोहोल लावू नकोस. ती लाखेची असते, विरघळते.

आता नागपूर. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात त्यातलं निम्मं इथे लागू नाही. आपल्याकडे दोन शत्रू आणि दोघेही उन्हाळ्यातले. पहिला ऊन. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तो सावलीतला. स्लॅबखालचा माळा आणि बंद गाडी याहून कितीतरी तापते, आणि साठीच्या आसपास रेकॉर्ड मऊ पडायला लागते. १९९१ च्या मे मध्ये मी एक ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर गाडीच्या मागच्या काचेशी ठेवून बर्डीवर जेमतेम वीस मिनिटं कामाला गेलो. परत आलो तर तिचा पळसाच्या पानाचा द्रोण झालेला. त्यात तर्री वाढता आली असती. काचेच्या दोन तावदानांत दाबून उन्हात ठेवून सरळ करायचा उपाय लोक सांगतात. आपल्या उन्हात तो करू नकोस, उरलेली खाचही जाते.

दुसरा शत्रू कूलर, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. एप्रिल ते जून आपण खिडकीला कूलर लावून खोलीत दिवसरात्र ओली हवा भरतो. माणसाला बरं वाटतं, पुठ्ठ्याला नाही. कूलरच्या झोतासमोरच्या शेल्फातली माझी कव्हरं एका उन्हाळ्यात चिकटली आणि रेकॉर्डींवर पांढरी बुरशी धरली. पाऊस यायच्या आधीच! तेव्हापासून रेकॉर्डी कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, उभ्या, सैलसर. आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. आतल्या पिशव्या नव्या घाल. बाहेरून जुनी जाड पीव्हीसीची पारदर्शक कव्हरं असतील तर आजच काढून टाक, ती रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात. मी इतवारीतून साड्यांच्या पॅकिंगच्या पीपी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणतो. जरा मोठ्या होतात, दुमडून घ्यायच्या.

कॅसेटचं पटकन. चाळीसही वाजवू नकोस. आधी बघ, टेपच्या मागची छोटी स्पंजची गादी जागेवर आहे का. बरेचदा निसटलेली असते. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती वेगळी काढ, एकीनं डेकचं हेड खराब होतं आणि मग सगळ्यांना लागण. घरचा जुना डेक चालू करण्याआधी आतला रबरी पट्टा तपास, इतक्या वर्षांत त्याचं डांबर झालेलं असतं. छापील कॅसेट ठेवल्या नाहीस तरी चालेल. हातानं नाव लिहिलेल्या मात्र एकही टाकू नकोस. त्यात बाबांचा आवाज निघू शकतो, आजीचा निघू शकतो. लोकांच्या कॅसेट उतरवताना इंग्रजी गाण्याच्या मागून अचानक बारशाचा पाळणा सुरू झालेला मी कितीदा ऐकला आहे.

पैशांचं असं कर. पहिले तीन-चार महिने काही घ्यायचं नाही, ३००० साचू दे. त्यात थोडी भर घालून टर्नटेबल घे: पिनेचा भार मागच्या वजनानं कमी-जास्त करता येतो असं, दीड-दोन ग्रॅमवर चालणारं. सूटकेससारखे दिसणारे गोंडस स्वस्त प्लेअर दुकानात खुणावतील. त्यांचा भार बहुतेक याच्या दुपटीहून जास्त असतो, आणि एकदा खाच खाल्ली की नंतर सुधारायला काही उरत नाही. ॲम्प्लिफायरला फोनोचं (टर्नटेबल जोडायचं) तोंड नसेल तर पिनेकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा छोटा फोनो प्री-ॲम्प लागेल, तो हिशेबात धर. ‘आवाजच येत नाही काका’ म्हणून फोन येतात ते याचेच. पाचव्या महिन्यापासून महिन्याला दोन-तीन जुन्या सीडी, आणि दोन महिन्यांतून एक रेकॉर्ड. ज्या महिन्यात काही आवडलं नाही त्या महिन्यात काही नाही.

ट्रंक दाखवायला आणायची म्हणतोस तर खुशाल आण. पण सध्या एप्रिल चालू आहे, तेव्हा सकाळी आठच्या आत ये. रेकॉर्डी डिकीत नाही, मागच्या सीटवर, उभ्या, वर ओलसर नव्हे तर कोरडी चादर. ॲबी रोड सगळ्यात पुढे ठेव, पहिली बाजू लावू. बाबा येत असतील तर त्यांनाही आण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोहे बरे मिळतात, दुसरी बाजू लावायच्या आधी खाऊन घेऊ.